‘येते’ म्हणाली म्हणजे

स्वानंदी हुद्दारनं बॅडमिंटनचं राष्ट्रीय अजिंक्यपद पाच वेळा जिंकलं, आणि पाचही वेळा ते तिला निवृत्त होण्यापेक्षा सोपं गेलं.

जिंकायचं तर समोर एकच बाई असते. तिला हरवलं की काम संपलं. निवृत्त व्हायचं तर आधी बाप, मग आई, मग संघटनेचा सेक्रेटरी, मग चिकपेटेतला साडीवाला, आणि ज्यांनी आयुष्यात रॅकेट म्हणून फक्त डास मारायची हातात धरली असे झाडून सगळे शेजारी, इतक्यांना हरवावं लागतं. बरं, यातलं कुणी नेटच्या पलीकडं उभं नसतं. सगळे आपल्याच बाजूला, आपल्याच पाठीवर हात ठेवून उभे. स्मॅश मारायचा कुणावर?

स्वानंदीला बत्तिसावं लागलं होतं. उजवा गुडघा दोनदा उघडून शिवलेला. तिची फिजिओ श्रीविद्या, जिला खोटं बोलायचे पैसे कुणी देत नव्हतं, तिनं एका सकाळी गुडघा दाबून पाहिला आणि सांगितलं, ‘‘अक्का, यातली गादी संपली. आता नुसती खाट उरलीय.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे अजून एक हंगाम खेळलात तर चाळिशीत जिना चढताना कुणाचा तरी खांदा शोधाल.’’

‘‘आमच्याकडं लिफ्ट आहे.’’

‘‘आणि लाईट गेल्यावर?’’

बेंगळुरात राहणाऱ्या माणसाला यापुढं वैद्यकीय सल्ला लागत नाही. स्वानंदीनं त्याच दिवशी ठरवलं. पाचवं अजिंक्यपद घ्यायचं, आणि स्वतःच्या पायांवर चालत बाहेर पडायचं. उचलून नेतात त्यांचे फोटो चांगले येतात, पण पुढं त्यांना कुणी विचारत नाही.

ठरवलं खरं. सांगायचं कसं?

तिचे वडील उमाकांत हुद्दार, घरातले अण्णा, विमानांच्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. घराणं तीन पिढ्यांपासून इथलं. घरात मराठी बोलायचे, पण त्या मराठीत कन्नड इतकं मुरलेलं की पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना वाटायचं, हे लोक आपल्याला काहीतरी लपवून बोलतात. कॉलनीच्या हॉलमध्ये उमाकांत रोज संध्याकाळी डबल्स खेळायचे. त्यांचा जोडीदार मधुकर याची बदली झाली, दुसरा कुणी मिळेना, म्हणून सात वर्षांच्या पोरीच्या हातात रॅकेट दिली. ‘मुलीतला गुण हेरला’ वगैरे नंतर पेपरवाल्यांना सांगायला. खरी गोष्ट मधुकरची बदली.

अकराव्या वर्षी पोरीनं बापाला हरवलं. बाप म्हणाला, मीच सोडली. पुढच्या रविवारी परत हरवलं. बाप म्हणाला, खांदा धरलाय. तिसऱ्यांदा हरवलं तेव्हा बापानं जाहीर केलं की आजपासून आपण तिचे कोच. हरणाऱ्या बापाला इज्जत राखायचा याहून सोपा मार्ग अजून सापडलेला नाही.

पण कोच म्हणून माणूस कष्टाळू निघाला, हे कबूल केलं पाहिजे. पहाटे उठवणं, स्कूटरवर नेणं, तिच्या प्रत्येक फटक्याचा विमानाच्या पंखासारखा हिशेब मांडणं, सगळं केलं. एकदा ती जगात चौदावी झाली. तीन आठवडे टिकली त्या जागेवर. त्या तीन आठवड्यांवर अण्णांनी पुढची दहा वर्षं काढली. लग्नाच्या पंगतीत बसले की शेजारच्या माणसाच्या पानात कोशिंबीर पडायच्या आत अण्णांचा चौदा आकडा पडलेला असायचा.

संघटनेचं कर्तृत्व वेगळंच. परदेशी स्पर्धांना तिच्याबरोबर मॅनेजर जायचा, फिजिओ नाही. मॅनेजरला गुडघे नव्हते असं नाही, पण त्याचे दुखत नव्हते. तो बाजारात चालून चालून बायकोसाठी सेंट आणायचा आणि विमानात म्हणायचा, ‘‘अक्का, पाय दुखले हो.’’ तिनं जिंकलं की सगळे फोटोत. हरली की फोटो काढायला कॅमेराही तिलाच शोधावा लागायचा.

आई, हेमलताबाई, यांनी लेकीची मॅच कधीही पाहिली नाही. टीव्हीवर लागली की त्या स्वयंपाकघरात जाऊन मिक्सर चालू करायच्या. त्या मिक्सरमध्ये कधी काही असायचं, कधी नसायचं. निकाल लागल्यावर बाहेर यायच्या आणि एकच विचारायच्या, ‘‘लागलं नाही ना कुठं?’’

आणि या हेमलताबाईंचा घरात एक कायदा होता. बाहेर पडताना ‘जाते’ म्हणायचं नाही. ‘येते’ म्हणायचं. आता हा कायदा कुठल्या मराठी घरात नाही? पण बाकीच्या घरांत तो तोंडी असतो, इथं त्याला शिक्षा होती. पहिल्या परदेश दौऱ्याला निघताना टॅक्सी खाली हॉर्न मारत होती आणि स्वानंदीच्या तोंडून निघून गेलं, ‘‘चला, जाते.’’ हेमलताबाईंनी तिला दारातून आत ओढलं, पाटावर बसवलं, जिभेवर साखर ठेवली, ‘येते’ म्हणवून घेतलं आणि मग सोडलं. तेवढ्यात विमानतळाच्या वाटेवरचा हेब्बाळचा पूल तुंबला. विमान मिळालं ते विमानालाच उशीर झाला म्हणून. हेमलताबाई आजही म्हणतात, साखरेमुळं.

तर अशा घरात वाढलेल्या बाईनं भर सभेत, माईकवर, ‘मी जाते’ म्हणायचं होतं.

पाचवं अजिंक्यपद जिंकल्यावर संघटनेनं सत्कार ठेवला. सेक्रेटरी गुरुप्रसाद हा सत्कारातला जाणता माणूस. डोक्यावर मैसूर पेटा, गळ्यात चंदनाचा हार, खांद्यावर शाल, मांडीवर फळांची करंडी. पेटा दोन नंबर मोठा, त्यामुळं चॅम्पियनला प्रेक्षक भुवयांखालूनच बघावे लागत होते. पहिल्या रांगेत अण्णा मोबाईल आडवा धरावा की उभा या विवंचनेत. शेजारी आई. सत्काराला त्या न चुकता यायच्या. सत्कारात कुणी हरत नाही.

स्वानंदीनं वाक्य पाठ करून आणलं होतं. साधं वाक्य, कन्नडमध्ये. मी खेळातून निवृत्त होत आहे. तिनं माईक धरला. तोंड उघडलं. आई तिच्याकडं बघत होती. बत्तीस वर्षांची साखर जिभेवर आली.

‘‘इष्टु वर्ष आडिदे,’’ ती म्हणाली. इतकी वर्षं खेळले. ‘‘निमगेल्ला नमस्कार. होगि बर्तीनि.’’

आणि मराठी नातेवाइकांच्या रांगेकडं वळून, ‘‘येते मी.’’

कन्नड लोकांनाही हीच खोड. निघणारा माणूस जातो म्हणत नाही, ‘जाऊन येतो’ म्हणतो, होगि बर्तीनि. तिरडीवरून उठता आलं असतं तर माणूस तिथूनही तेच म्हणाला असता. त्याचा अर्थ ‘निघालो’ असा होतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. हॉल उठून उभा राहिला. टाळ्या वाजल्या. स्वानंदी रडली. कोच रडले. करंडीतलं एक सफरचंद घरंगळत गुरुप्रसादच्या पायाशी गेलं. तिला वाटलं, झालं. घरी जाऊन ती अशी झोपली की सकाळी आईनं येऊन नाकाशी बोट धरून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी खाली रिक्षावाला म्हणाला, ‘‘येन अक्का, स्वल्प रेस्टा? यावाग वापस?’’ परत कधी?

तिनं हसून मान हलवली. बिचाऱ्याला कळलं नसेल. मग पेपर पाहिला. ‘थोड्या विश्रांतीनंतर स्वानंदी परतणार.’ तिचं वाक्य शब्दशः छापलं होतं. जाऊन येते. जाऊन. येते. व्याकरणाला कुणाला बोट दाखवता येणार नाही.

दुपारी चिकपेटेतून गुंडोशेटचा फोन आला. हा साड्यांचा ठोक व्यापारी, तिच्या टी-शर्टच्या बाहीवर त्याच्या दुकानाचं नाव असायचं. केवढ्या आनंदात होता. दुकानावर त्यानं दोन मजली फलक चढवला होता. साडी नेसलेली स्वानंदी, हातात रॅकेट, आणि वर अक्षरं: अक्का मत्ते बर्ताळे. अक्का पुन्हा येणार. खाली बारीक अक्षरात: तोवर रेशमी साड्यांवर सूट.

‘‘गुंडोशेट, तो फलक उतरवा,’’ ती म्हणाली.

‘‘कधी येणार ते सांगा, त्या दिवशी उतरवतो,’’ गुंडोशेट म्हणाला.

आणि पंधरा दिवसांत अण्णांनी उप्पीट खाताखाता बातमी दिली. राज्य स्पर्धेत तिचं नाव गेलंय. गुरुप्रसादनं घातलं, आणि घालण्याआधी कोचला विचारलं.

‘‘आणि तुम्ही काय म्हणालात?’’

‘‘मी काय म्हणणार? तूच म्हणालीस, येते.’’

‘‘अण्णा, ती म्हणायची पद्धत असते!’’

‘‘असेल. पण आम्ही पद्धत पाळतो ती अर्थासकट.’’

‘‘तुम्ही गेल्या महिन्यात वाण्याकडून निघताना ‘येतो’ म्हणालात. मग अजून गेला कसे नाहीत परत?’’

‘‘त्याची तूरडाळ चांगली नाही.’’

‘‘माझा गुडघाही चांगला नाही!’’

अण्णा उप्पिटातली मिरची बाजूला काढत राहिले. ज्या माणसाला शटल नेटच्या पट्टीला चाटून गेलं की वरून गेलं हे साठ फुटांवरून ऐकू यायचं, त्याला टेबलाच्या पलीकडचं हे वाक्य ऐकू आलं नाही. स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला.

‘‘आई, बंद कर तो! रिकामा आहे!’’

‘‘चटणी आहे,’’ आतून आवाज आला. थोड्या वेळानं, ‘‘होती.’’

आता कुणी म्हणेल, एवढी मोठी चॅम्पियन, सरळ नाव काढून घ्यायचं. हे म्हणणारा माणूस बापामागं स्कूटरवर पंचवीस वर्षं बसलेला नसतो. स्वानंदीनं निराळा उपाय काढला. बॅडमिंटनमध्ये खेळाडूनं मध्येच मॅच सोडली की पंच खुर्चीवरून मोठ्यानं पुकारतात, ‘रिटायर्ड’. फलकावरही तसंच लागतं. ह्या शब्दात येणं नाही, जाणं नाही, साखर नाही. पहिल्या फेरीत कोर्टवर जायचं, चार गुण खेळायचे, पंचाकडं जायचं, शब्द पुकारून घ्यायचा आणि घरी. गुंडोशेटनं त्याचंही भाषांतर करून दाखवावं.

पहिल्या फेरीत समोर आली निधी. वय सतरा. आईबाप नागपूरचे, दोघंही कंप्युटरवाले, महादेवपुऱ्यात चौदाव्या मजल्यावर राहणारे. सराव सुरू व्हायच्या आधी ही पोर स्वानंदीच्या समोर येऊन उभी राहिली. हातात रॅकेट अशी धरली होती, जशी परीक्षेला जाताना पट्टी धरतात.

‘‘ताई, एक बोलू का? रागावणार नाही ना?’’

‘‘बोल.’’

‘‘तुम्ही मधातच मॅच सोडणार आहात का?’’

स्वानंदी चपापली. ‘‘कोण म्हणालं?’’

‘‘कोणी नाही. तुम्ही आत्ता वॉर्म-अप केलाच नाही. नुसत्या पंचाच्या खुर्चीकडं पाहून राहिल्या. ताई, प्लीज. मी आठ वर्षांची होते तेव्हापासून तुम्हाला हरवून राहिले.’’

‘‘कुठं?’’

‘‘घरी. भिंतीवर. भिंत म्हणजे तुम्ही.’’ पोरीचा आवाज चिरकला. ‘‘तुम्ही सोडली तर मी जिंकले असं लिहितील, पण मी कशी जिंकले ते कोणी सांगणार नाही. हरवा मला. चालते. पण पूर्ण खेळा.’’

स्वानंदीला हसू आलं आणि रागही आला. एवढ्या मोठ्या शहरात तिच्या मनातलं ओळखणारं माणूस भेटलं, तर तेच नेमकं आडवं आलं.

‘‘बरं,’’ ती म्हणाली. ‘‘पूर्ण खेळते.’’

मनात म्हणाली, पूर्ण खेळते म्हटलंय, जिंकते कुठं म्हटलंय. पोरगी चपळ आहे, गुडघा अर्धा आहे, सरळ दोन गेममध्ये हरू आणि सुटू.

पण हरायला आलेली ही बाई हरणं कधी शिकलीच नव्हती. बापानं सगळं शिकवलं, तेवढं राहिलं. आणि समोरची पोर इतकी भेदरली होती की सर्व्हिस नेटमध्ये, उंच मारलेला क्लिअर बाहेर, आणि उरलेलं सगळं चॅम्पियनच्या रॅकेटवर आणून वाढलेलं. स्वानंदी शटल सोडून द्यायची ठरवायची, आणि हात आपला जाऊन मारून यायचा. हाताला कुणी कळवलंच नव्हतं. पहिला गेम तिनं न मागता जिंकला. प्रेक्षकांत कुणीतरी ओरडलं, ‘‘अक्का बंदळु!’’ अक्का आली! पाठीमागं कोचच्या खुर्चीत अण्णा चौदाव्या क्रमांकावर जाऊन बसले होते.

दुसऱ्या गेममध्येही ती पुढं. ही मॅच जिंकली की दुसरी फेरी, मग तिसरी, मग दौरा, मग मॅनेजर आणि त्याचा सेंट. गुडघा आतून करकरत होता. आणि निधीच्या डोळ्यांत पाणी. तिचा कोच शेजारच्या कोर्टवर दुसऱ्या मुलीबरोबर अडकलेला, तिला सांगायला कुणी नाही.

शटल बदलायला दोघी नेटपाशी आल्या तेव्हा स्वानंदीचा ताबा सुटला.

‘‘अगं बाई, बॅकहँडला टाक की! माझ्या पुढ्यात काय लाडू वाढत बसलीस? डोळे घरी ठेवून आलीस काय?’’

पंचबाई मंगळूरच्या. कन्नड येत होतं, तुळू येत होतं, इंग्रजी येत होतं. मराठी येत नव्हतं, आणि तिथंच पंचाईत झाली. त्यांनी दटावलं, कोर्टवर बोलायचं नाही. मग विचारलं, काय म्हणालात? स्वानंदी शटलची पिसं सरळ करू लागली. निधी बुटाची नाडी बांधायला वाकली. पंचबाईंनी खुर्चीवरून मागं वळून कोचला विचारलं, ‘‘सर, एनु हेळ्तिद्दारे?’’ काय म्हणतायत त्या?

अण्णा उभे राहिले. त्यांनी शब्द न् शब्द ऐकला होता. त्यांची चॅम्पियन, त्यांनी पहाटे उठवून घडवलेली, समोरच्या पोरीला स्वतःला हरवायची जागा दाखवत होती. विनवत होती म्हणा ना.

‘‘मुलीला धीर देतेय,’’ अण्णा कन्नडमध्ये म्हणाले. ‘‘भिऊ नको म्हणतेय.’’

आणि बसले. महिनाभर त्यांनी लेकीचं भाषांतर चुकीचं केलं ते सोयीसाठी. हे केलं ते शरमेनं.

इकडं निधीला मात्र लाडू चांगलाच लागला होता. डोळ्यांतलं पाणी आटलं, कान लाल झाले. तिनं बॅकहँडला असा मारा लावला की गेम कधी फिरला ते स्वानंदीलाही कळलं नाही. बरोबरी झाली.

तिसऱ्या गेमआधी अण्णा पाण्याची बाटली घेऊन कोर्टवर आले. एरवी या दोन मिनिटांत ते विमानाच्या इंजिनासारखे बोलायचे. आज नुसती बाटली धरून उभे.

‘‘बोला की,’’ स्वानंदी म्हणाली.

‘‘बॅकहँड सांगितलास तिला,’’ अण्णा हळूच म्हणाले. ‘‘चूक सांगितलंस. तो अजून चांगला आहे तुझा.’’

‘‘मग कुठं सांगायचं होतं?’’

‘‘नेटपाशी. उजवा कोपरा. तिथं वाकायच्या आधी तुझा गुडघा विचार करतो.’’

स्वानंदीनं बाटली खाली घेतली. ‘‘तुम्हाला दिसतं ते?’’

‘‘दोन वर्षं झाली.’’

‘‘आणि बोलला नाहीत.’’

‘‘बोललो असतो तर तू थांबली असतीस,’’ अण्णा म्हणाले. नालायकपणाची कबुली इतक्या कमी शब्दांत फार थोड्या बापांना जमते. ‘‘मग मी कुठं जायचं रोज पहाटे?’’

पंचबाईंनी वेळ संपल्याचं पुकारलं. स्वानंदीला खूप काही बोलायचं होतं, त्यातलं निम्मं छापण्यासारखं नव्हतं. ती कोर्टवर गेली.

तिसरा गेम अटीतटीचा चालला. दहा-दहा झाले. आणि तेवढ्यात दोन गुणांच्या मध्ये, सगळा हॉल शांत असताना, कोचच्या खुर्चीतून एक खणखणीत आवाज आला.

‘‘निधी! पुढं टाक! उजव्या कोपऱ्यात!’’

हॉलमध्ये ज्यांना मराठी येत होतं त्यांनी माना वळवल्या. ज्यांना येत नव्हतं त्यांनी ह्यांच्या माना बघून वळवल्या. स्वतःच्या मुलीला कसं हरवायचं ते ओरडून सांगणारा कोच बॅडमिंटनच्या इतिहासात झाला असेल तर त्यानं ते निदान कुजबुजत केलं असेल.

निधी कमरेवर हात ठेवून वळली. ‘‘काका, गप बसा ना तुम्ही! मला दिसून राहिलंय! मी केव्हाचं तेच करणार होते!’’

‘‘अण्णा!’’ स्वानंदी किंचाळली.

पंचबाईंना भाषा कळली नाही, पण तिघंही एकदम ओरडतायत एवढं कळलं. त्यांनी अण्णांना खुर्चीतून उठवून प्रेक्षकांत बसायला पाठवलं. अण्णा निमूट गेले.

आणि तिथून पुढं स्वानंदी हुद्दार खेळली. हरायला आली होती, सुटायला आली होती, सगळं विसरली. काय समजतात हे स्वतःला? पंचवीस वर्षं माझ्या वतीनं येते म्हणायचं, आणि आता माझ्या वतीनं हरायचंही ह्यांनीच? जायचं असेल तर मी जाईन. ह्यांनी ढकललं म्हणून नाही. गुडघा बोंबलत होता, तिनं त्याचं ऐकून घेतलं आणि पुढच्या कोपऱ्यात झेप घेतली. शटल नेटच्या पट्टीवरून असं उलटलं की निधीच्या तोंडून ‘बापरे’ निघालं. पुढचं निधीनं तसंच उलटवलं. चॅम्पियनच्या तोंडून काय निघालं ते पंचबाईंना कळलं नाही हे बरं.

एकोणीस-एकोणीस. निधीनं पुढं टाकलं, स्वानंदी पोचली. परत पुढं, परत पोचली. तिसऱ्यांदा पोचली, पण उठायला अर्धा क्षण लागला. उचललेलं शटल तोकडं पडलं आणि निधीनं ते गाडलं. पुढचा गुणही निधीचा. लांबच लांब रॅली, शेवटी स्वानंदीचा क्रॉस रेषेबाहेर बोटभर. तिनं स्वतःच आधी पाहिलं आणि मान हलवली. बाहेर. शंकाच नाही.

निधी कोर्टवर फतकल मारून बसली आणि भोकाड पसरलं. हरलेल्या बाईनं जिंकलेल्या पोरीला हाताला धरून उठवलं.

‘‘आता रडतेस कशाला? झाली ना हौस?’’

‘‘ताई, तुम्ही शेवटी शेवटी खरंच खेळून राहिल्या होत्या ना? सोडली नाही ना?’’

‘‘आईच्यान नाही सोडली. जिवावर खेळले. जा आता, पेपरवाल्यांना कशी जिंकलीस ते सांग. लाडवाचं सांगू नकोस.’’

बाहेर कॉरिडॉरमध्ये हेमलताबाई भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या. इथं मिक्सर नव्हता, म्हणून त्यांनी अग्निशामक नळकांड्यावरच्या सूचना वाचून काढल्या होत्या, तिन्ही भाषांत. लंगडत आलेल्या लेकीकडं वळून त्यांनी नेहमीचं विचारलं, ‘‘लागलं नाही ना?’’

‘‘लागलं,’’ स्वानंदी म्हणाली. ‘‘खूप लागतं, आई. दोन वर्षं लागतंय.’’

इतक्या वर्षांत हे उत्तर हेमलताबाईंना मिळालंच नव्हतं. त्यांनी तिची बॅग आपल्या खांद्यावर घेतली. अण्णा थोड्या अंतरावर येऊन थांबले, शाळेत उशिरा आलेल्यासारखे.

तेवढ्यात गुरुप्रसाद घाईघाईनं आला. त्याच्या चेहऱ्यावर हरलेल्या माणसाला द्यायचं खास हसू होतं. ‘‘अक्का, पहिलीच मॅच, होतं असं. गंज चढतो स्वल्प. पुढच्या महिन्यात हैदराबादला घालतो नाव. सरी ना?’’ ठीक ना? आणि सवयीनं तो कोचकडं वळला. ‘‘सरी ना सर?’’

अण्णांनी तोंड उघडलं. हैदराबादचा हॉल त्यांना आवडायचा, तिथं वारा नसतो. त्यांच्या चेहऱ्यावर तो हॉल येऊन उभा राहिलेला स्वानंदीला दिसला.

‘‘मला काय विचारता?’’ अण्णा म्हणाले. ‘‘तिला विचारा.’’

गुरुप्रसाद गोंधळला. बारा वर्षांत त्यानं तिला सरळ कधी काही विचारलं नव्हतं. ‘‘अक्का?’’

‘‘नाही,’’ स्वानंदी म्हणाली.

गुरुप्रसाद वाक्याच्या उरलेल्या भागाची वाट बघत थांबला. आत्ता नाही, या महिन्यात नाही, बरं वाटल्याशिवाय नाही, असं काहीतरी येईल. काही आलं नाही. शेवटी त्यानंच विचारलं, ‘‘नाही म्हणजे?’’

‘‘नाही म्हणजे नाही हो,’’ अण्णा उसळून म्हणाले. ‘‘कन्नडमध्ये सांगू? इल्ला! कळलं?’’

गुरुप्रसादला कळलं. तो फोन काढत गेला, बहुतेक गुंडोशेटला लावायला.

तिघं कॅन्टीनकडं निघाले. आई पुढं बॅग घेऊन, मागं स्वानंदी, तिच्या शेजारी अण्णा. त्यांनी आपला कोपर थोडा पुढं केला. तिनं धरला नाही, पण अंतरही वाढवलं नाही.

‘‘एकोणीस-एकोणीसला,’’ अण्णा म्हणाले, ‘‘तू ते उचलण्याऐवजी जर सरळ...’’

‘‘अण्णा.’’

‘‘सरी, सरी.’’

आणि ते गप्प बसले. कॉफी येईपर्यंत.